एकोणीस गाठींची दोरी

"पहिलीचा वर्ग म्हणजे काय, पोरांना खेळवायचं, खिचडी घालायची आणि घरी पाठवायचं." हे वाक्य ज्यांनी कुणी पहिल्यांदा उच्चारलं आणि ज्यांनी ते पुढं चालू ठेवलं, त्या सगळ्यांवर माझा आरोप आहे. तुम्ही पहिलीच्या वर्गात सलग दोन तास कधी उभे राहिलेला नाहीत. तुमच्यावर विश्वास ठेवून माझ्यासारखी बी.ए., डी.एड. झालेली मुलगी सांगलीहून रंगीत तक्ते, मणी, चिंचोके आणि भरपूर तत्त्वं घेऊन माण तालुक्यातल्या एका गावात उतरते. वर्षभरात शाळा पालटून टाकायची, असं तिनं एसटीतच ठरवलेलं असतं. आणि पहिल्याच दिवशी साडेअकरा वाजता ती स्वतःच्या ओढणीनं कुणाचं तरी नाक पुसत बसलेली असते.

किस्से आपण मुद्दाम जमवत नाही. माझ्या कुर्त्याच्या खिशात खडूचे तुकडे साठतात, तसेच ते साठतात. रविवारी कपडे भिजत घातले की बादलीतलं पाणी पांढरं होतं, तेव्हा कळतं, आठवड्याभरात बरंच जमलंय. सांगलीच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, "आज काय झालं गं?" मग मी सांगत सुटते. आज तुम्हाला सांगते.

*

आमची शाळा तीन शिक्षकांची. हेडसर, एक गुरुजी आणि मी. पहिली माझ्याकडं.

पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं हजेरी घेतली. "शिवांश." कुणी बोलेना. "अन्विता." शांतता. "रुद्र. आराध्या. ओवी." पोरं माझ्याकडं बघतायत, मी पोरांकडं. एकोणीस नावं वाचून झाली. समोर एकोणीस पोरं बसलेली आणि हजर शून्य.

हेडसर खिडकीतून बघत होते. म्हणाले, "बाई, ती दाखल्यावरची नावं. मोबाईलवर बघून ठेवतात. पोरांना अजून कळवलेलं नाही."

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. तेलानं चप्प बसवलेल्या दोन वेण्या, एकीला लाल रिबीन, दुसरीला हिरवी. तिनं परवानगी वगैरे काही विचारली नाही. बोट फिरवत एका दमात सगळा वर्ग सांगून टाकला. "ह्यो बंड्या. ही ठकी. ह्यो संग्राम, गोट्याचा भाऊ. गोट्या बालवाडीत असतोय. ही ताई, पर ही बारकी हाय…"

अठरा जणांची नावं झाली. मी विचारलं, "तुला सगळे कसे माहीत?"

"ह्यांच्या रानात आमची मेंढरं बसत्यात."

"आणि तू कोण?"

"म्या बायडी."

दाखल्यावर ती आराध्या. पण तिला आराध्या म्हणून हाक मारली की ती मागं वळून बघते, कोण आलंय ते.

*

दुसऱ्या आठवड्यात मातीकाम. मी म्हटलं, आपापल्या आवडीचा प्राणी करा. पाऊण तास वर्ग इतका शांत होता की हेडसर दोनदा डोकावून गेले, काही झालंय का बघायला.

मेंढ्या झाल्या, कोंबड्या झाल्या, एक साप झाला. साप करणं सगळ्यात सोपं, म्हणून पुढं आणखी सहा साप झाले. बंड्यानं मात्र नुसता एक गोळा पाटीवर ठेवला होता आणि हात धुऊन बसला होता.

"बंड्या, हे काय?"

"म्हस."

"पाय कुठंयत तिचे?"

"बसलीया."

"शेपूट?"

"खाली दबलीया."

"आणि तोंड?"

बंड्यानं माझ्याकडं जरा दयेनं बघितलं. "बाई, तुमी मागनं बघताय."

*

सांगलीहून आणलेल्या तक्त्यांत माझा सगळ्यात लाडका तक्ता होता 'माझे कुटुंब'. आई भाजी निवडतेय, बाबा खुर्चीत पेपर वाचतायत, दोन मुलं जमिनीवर खेळतायत. चित्रवाचनाला उत्तम. मी तो भिंतीला लावला आणि विचारलं, "चित्रात काय दिसतंय?"

ठकीनं हात वर केला. "जत्रा."

मी पुन्हा तक्त्याकडं बघितलं. पाळणा नाही, पिपाणी नाही, रेवड्या नाहीत. "अगं, यात जत्रा कुठं आहे?"

"आप्पा घरी हायत की," ठकी म्हणाली.

ठकीचे आप्पा मुंबईला असतात. बंड्याचे मुंबईला, ताईचे मुंबईला. वर्गातल्या निम्म्या पोरांना वडील दिसतात ते गावच्या जत्रेला. मी तक्ता काढून गुंडाळून ठेवला. कुणी काढला असेल तो, त्याला चार खडे बोल सुनावणारं पत्र लिहायचंही मनात ठरवलं. पण दुसऱ्याच दिवशी पोरं मागं लागली, "बाई, त्ये जत्रंचं चित्र लावा की."

अजून तो भिंतीवर आहे.

*

संग्रामचे वडील सैन्यात. त्यामुळं संग्राम हजेरीला 'हजर' म्हणत नाही. उठतो, टाचा जुळवतो आणि "यस सर" म्हणतो. मी बाई आहे, हे त्याला चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी तो "यस सर, बाई" म्हणाला. तिथं मी हार मानली.

एक दिवस मधल्या सुट्टीनंतर संग्राम गायब. दुसऱ्या दिवशी आला तो अगदी निवांत.

"काल दुपारी कुठं होतास?"

"छुट्टीवर."

"कुणी दिली छुट्टी?"

"मीच घेतली. पप्पा म्हणत्यात, मागून मिळत न्हाई."

मी त्याच्या आईला बोलावलं. आईनं तिथल्या तिथं वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. कुठल्याशा थंड जागी, कानटोपी घातलेला एक माणूस स्क्रीनवर आला. आधी मला म्हणाला, "नमस्कार मॅडम." मग आवाज बदलून मुलाला म्हणाला, "संग्राम, ध्यान दे. बदली माणूस आल्याशिवाय पोस्ट सोडायची न्हाई. समजलं?"

"यस सर."

त्यानंतर संग्राम शाळेतून एकदाही पळाला नाही. शिस्तीचे धडे घरातून मिळाले की ते कसे रुजतात, यावर मी मैत्रिणींना अर्धा तास व्याख्यान दिलं. ते व्याख्यान मला पुढं महागात पडलं. त्याचं सांगते नंतर.

*

आता बायडीचं सांगायलाच हवं, कारण पावसाळाभर माझी झोप तिनं उडवली.

पहिलीला आम्ही वीसपर्यंत मोजायला शिकवतो. घोकंपट्टी मला मान्य नाही, म्हणून हातात चिंचोके, मणी, खडे. मी पाच चिंचोके मांडायची आणि विचारायची, "किती?" सगळे ओरडायचे, "पाच." बायडी चिंचोक्यांवरून एकदा नजर फिरवायची आणि म्हणायची, "समदं हायत."

"समदे म्हणजे किती?"

"जेवढं हुतं तेवढं."

मी दहा मांडले. "समदं हायत." मी बोटं धरून मोजायला लावलं. तिनं माझ्यासाठी म्हणून मोजलं, एक, दोन, तीन, सात. मग बोट सोडवून घेतलं. मी म्हटलं, "बरं, दोन आणि दोन किती?"

बायडीनं विचारलं, "कुठली दोन?"

गाणी केली, उड्या मारल्या, अंगणात खडूनं घरं आखून त्यात नाचलो. बाकीचे अठरा जण तीसपर्यंत गेले. बायडी "समदं हायत"वरून हलायला तयार नव्हती. आणि मला घाई होती. घाईचं कारण तिच्या घरी होतं.

बायडीचं घर मेंढपाळांचं. दिवाळी आली की सगळं बिऱ्हाड घोड्यांवर घालून मेंढरं घेऊन ते लोक बाहेर पडतात, ते परत येतात पाऊस तोंडावर आला की. तोपर्यंत शाळा संपलेली असते. बायडीची थोरली बहीण आमच्या जुन्या हजेरीपटात मला सापडली होती. दुसरीपर्यंत नाव, आणि मग सगळ्या महिन्यांवरून आडवं, लाल शाईत, एकच शब्द: स्थलांतरित. आता ती चौदा वर्षांची आहे आणि मेंढरांमागं असते. गावात त्यांची आत्या होती, बायडीला ठेवून घ्यायला तयार. फक्त वडिलांनी हो म्हणायला हवं होतं.

म्हणून मी एका संध्याकाळी त्यांच्या वस्तीवर गेले. मेंढरं नुकतीच परत येऊन वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरत होती. वडील दाराशी उभे. एका कडेला बायडीचा आजा लोकर कातत बसलेला. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, मान हलवली आणि पुन्हा चाती फिरवायला लागला.

मी माझं सगळं मांडलं. शिक्षण, हक्क, मुलीचं भविष्य. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमचं समदं खरं. पर चार म्हैनं झालं, पोरीला मोजाय येत न्हाई. साळंत बसून बी मोजाय यीना, तर रानात आन साळंत फरक काय ऱ्हायला? रानात निदान मेंढरं तरी राखंल."

"येईल. दिवाळीपर्यंत शिकवते."

"शिकवा. दिवाळीपातूर मोजाय आलं, तर ठिवतो आत्याकडं. शब्द हाय माजा."

मी म्हटलं, "तुमची मेंढरं किती आहेत?"

वडिलांनी वाघरीवरून एक नजर फिरवली. "काळतोंडी मागं ऱ्हायली," म्हणाले. बायडी लगेच ओढ्याकडं पळाली आणि एक काळ्या तोंडाची मेंढी हाकत घेऊन आली.

मी म्हटलं, "हे बघा, तुम्हीसुद्धा मोजत नाही."

"म्या कुटं साळंत गेलतो?" ते म्हणाले.

आजा चातीवरून मान न उचलता हसल्यासारखा वाटला, पण तो खोकलाही असेल.

*

ऑक्टोबरात तपासणीला साहेब आले. मोठे हसतमुख गृहस्थ. त्यांनी पहिलीच्या वर्गालाच प्रश्न विचारायचं ठरवलं.

"मुलांनो, पाऊस कुठून येतो?"

ढग, समुद्र, वाफ, मी सगळं चित्रांसकट घेतलेलं. मी बंड्याला नजरेनं खुणावलं. बंड्या उठला. "पाटणकडनं."

साहेबांना मजा वाटली. "पाटणकडून? ते कसं?"

"माजा मामा पाटणला असतो. फोन केला की म्हणतो, लय पडतोय."

"मग इकडं का नाही येत?"

"तितंच संपतो," बंड्या म्हणाला आणि खाली बसला. सह्याद्रीच्या डोंगरात आणि आमच्यासारख्या दुष्काळी पट्ट्यात पडणाऱ्या पावसाचा फरक कॉलेजात मी नकाशावर शिकले होते. इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितला नव्हता.

मग साहेब खाली सतरंजीवर बसले, बायडीच्या समोरच. त्यांनी अंगणातले आठ खडे मांडले. "सांग बाळ, किती आहेत?"

"समदं हायत."

"अगं, पण किती?"

बायडी पुन्हा खड्यांकडंच बघायला लागली. साहेबांनी तिला जरा वेळ दिला. मग हसून दुसऱ्या मुलाकडं वळले, त्याला कविता म्हणायला लावली, आणि कविता चालू असताना सहज एक खडा उचलून मुठीत घेतला. पुन्हा बायडीकडं वळले. "आता?"

"आता न्हाईत."

"का?"

"पांढऱ्या रेघंचा तुमच्या मुठीत हाय."

साहेब मोठ्यांदा हसले. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हुशार आहे, म्हणाले. जाताना शेरेबुकात त्यांनी बायडीच्या नावापुढं लिहिलं: 'संख्याज्ञान नाही.'

त्या दुपारी मी बायडीवर चिडले. खरं सांगते, आवाज चढवला. "बायडे, तुला राहायचंय का नाही शाळेत?" ती मान खाली घालून म्हणाली, "ऱ्हायचंय." मग मलाच कसंतरी झालं. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या टेबलावर चार बोरं आणून ठेवली. मी म्हटलं, "किती आणलीस?" ती म्हणाली, "तुमच्यापुरती."

*

दिवाळीच्या सुट्टीला आठ दिवस उरले असताना मी पोरांना गावच्या आठवडी बाजारात न्यायचं ठरवलं. भाज्या ओळखणं, तागडीचं वजन बघणं, रंग, वास. पुस्तकात नाही ते सगळं. हेडसर म्हणाले, "बाई, एकोणीस पोरं आणि बुधवारचा बाजार. विचार करा."

मी म्हटलं, "सर, मी व्यवस्था केलीय."

माझी व्यवस्था म्हणजे एक जाड दोरी. तिला मी एकोणीस गाठी मारल्या होत्या. प्रत्येकानं एक गाठ धरायची, गाठ सोडायची नाही. मी पुढं. मागं वळून बघितलं की गाठी दिसणार, रिकामी गाठ लगेच कळणार. मोजायला सोपं, पोरांना मजा. मला ही कल्पना इतकी आवडली होती की मी तिचा फोटो काढून सांगलीला पाठवला.

बाजार सुंदर झाला. पोरांनी वांगी ओळखली, दोडका ओळखला, शिमला मिरचीला कुणीतरी 'फुगलेली मिरची' म्हटलं. कोंबडीची पिल्लं विकणाऱ्याच्या टेंपोपाशी मात्र रांग हलेना. पिवळी, गुलाबी, हिरवी रंगवलेली पिल्लं. मी कशीबशी दोरी ओढून सगळ्यांना पुढं आणलं. बाजार संपतो तिथं चिंचेखाली थांबून मागं वळले आणि मोजलं. एकोणीस गाठी, एकोणीस हात. एकही गाठ रिकामी नाही. समाधानानं म्हटलं, "चला."

रांग हलली नाही. मधेच बायडी गाठ सोडून रस्त्यात बसली होती.

"बायडे, ऊठ."

"समदी न्हाईत."

"सगळी आहेत. मी मोजलीत. एकोणीस."

"न्हाईत."

ऊन चढलेलं, खिचडीची वेळ झालेली. मी तिच्याजवळ गेले. "हे बघ, प्रत्येक गाठीला हात आहे. तुझी सोडली तर एक तरी गाठ मोकळी दिसते का तुला?"

"गाठी भरल्यात," बायडी म्हणाली. "संग्र्या न्हाई." मग तिनं रांगेच्या शेपटाकडं बोट केलं. "आन ह्यो आपल्यातला न्हाई. दुसऱ्या कळपातला हाय."

शेवटच्या गाठीला धरून, गुडघ्यापर्यंत येणारा शाळेचा जुना शर्ट घालून, एक अगदी बारकं पोर उभं होतं. मी खाली वाकले. तो गोट्या होता. संग्रामचा बालवाडीतला भाऊ.

बाजारात माणसं मावत नव्हती, पलीकडं डांबरी रस्ता, त्यावर गाड्या. "गोट्या, दादा कुठंय?" गोट्यानं गाठ आणखी घट्ट धरली. कुणी विचारलं तरी काही सांगायचं नाही, असा त्याला हुकूम असावा.

चिंचेखालच्या भाजीवाल्या मावशींच्या ताब्यात रांग दिली आणि मी धावले. माझ्या मागं बायडी. कुठं जायचं, ते मला कळत नव्हतं. तिला कळत होतं. कोकराला जिथं हिरवं दिसलं, तिथंच ते मागं राहतं. ती थेट पिल्लांच्या टेंपोपाशी गेली.

टेंपोच्या हौद्यात, पिल्लांच्या खोक्यांमध्ये, हातात एक काठी घेऊन संग्राम ताठ बसला होता. पिल्लंवाला समोर चहा पीत होता. कप खाली ठेवला की तो विट्याला निघणार होता. मला बघून म्हणाला, "गुणाचं पोरगं हाय. म्हटलं, जरा लक्ष ठेव, तर हालंना बी जाग्यावरनं."

मी संग्रामला खाली उतरवलं. "तुला सांगितलं होतं ना, गाठ सोडायची नाही?"

"सोडली न्हाई," संग्राम म्हणाला. "आईसंगं गोट्या आलता. बदली देऊन गेलो."

त्या दिवशी शाळेत परतल्यावर हेडसरांनी विचारलं, "कसा झाला बाजार?" मी म्हटलं, "छान." पाणी प्यायले आणि दुसरीच्या वर्गात जाऊन उगाच खिडक्या लावल्या. कुणाला काही सांगितलं नाही. मैत्रिणींनासुद्धा नाही.

*

सुट्टीच्या आदल्या दिवशी बायडीचे वडील शाळेत आले. बरोबर आजा. बाहेर घोडं बांधलेलं. आजा पायरीवर बसला, पिशवीतून लोकर काढली आणि कातायला लागला. वडील आत आले, हेडसरांच्या टेबलासमोर उभे राहिले.

"बाई, झाली का पोरगी तयार?"

मी काही बोलायच्या आत त्यांनीच तिला हाक मारली. अंगणात पोरं खेळत होती. "बाय, हिकडं ये. ती पोरं किती हायत, सांग बगू."

मी मनातल्या मनात देवाला नाही, पण कुणाला तरी हात जोडले. म्हण बाई, एक, दोन, तीन. चुकलं तरी चालेल. म्हण.

बायडीनं अंगणावरून नजर फिरवली. "समदी हायत," म्हणाली.

वडील माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "बगा बाई. तुमी लय कष्ट घेतलं, पर काय करायचं? उद्या निगतोय आमी." त्यांनी बायडीचं दप्तर उचलून खांद्याला लावलं. ते दप्तर त्यांच्या खांद्यावर फार लहान दिसत होतं.

हेडसरांनी हजेरीपट उघडला. त्यांच्या खिशात दोन पेनं असतात, एक निळं, एक लाल. त्यांनी लाल काढलं.

तेव्हा मी बाजाराचं सगळं सांगून टाकलं. दोरी, एकोणीस गाठी, गोट्या, पिल्लांचा टेंपो, विट्याचा रस्ता. मी मोजलं आणि बरोबर एकोणीस आले, तरी एक पोर मागं राहिलं होतं. मला ते दिसलं नाही, बायडीला दिसलं. मी तिला ऊठ म्हणाले आणि ती उठली नाही, म्हणून ते पोर आज घरी आहे.

हेडसरांचं पेन हवेतच थांबलं. "बाई," ते हळू म्हणाले, "हे मला सांगितलं नव्हतंत."

"नाही सांगितलं, सर."

वडील एकदा माझ्याकडं बघत, एकदा अंगणाकडं. तिथं संग्राम झेंड्याच्या खांबापाशी ताठ उभा होता, कारण खेळात तो खांब त्याच्या ताब्यात होता. बायडी वडिलांच्या खांद्यावरच्या दप्तराचा बंद धरून उभी होती. ओढत नव्हती, सोडतही नव्हती.

पायरीवर चाती फिरायची थांबली. आजानं लोकर गुंडाळली, पिशवीत टाकली, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि घोड्याकडं जाता जाता म्हणाला,

"ऱ्हाऊ दे तिला हितंच. बाईंचा कळप राखाय कुणीतरी पायजे का नगं?"